पेटंटची वाट आणि लॉ क्लर्कची जागा: कोल्हापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी वकील. या प्रकरणातली उमेदवार माझ्याकडे दर रविवारी न्यायालयांची निकालपत्रं वाचायला येणाऱ्या गटातली. तिचं नाव, जिथे नोकरी केली त्या फर्मचं नाव आणि काही तपशील मी मुद्दाम गाळले किंवा बदलले आहेत. मजकूर तिने वाचला आहे आणि तिची हरकत नाही.

वडील शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न करतात. फाउंड्रीत ओतकाम करण्याआधी वाळूचा साचा पाडायला जो लाकडी नमुना लागतो तो पॅटर्न. मुलगी त्याच भुशात वाढली. मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि पुण्यात पेटंटचं काम करणाऱ्या एका फर्ममध्ये लागली. चार वर्षं तिने आधीची पेटंटं धुंडाळण्याचं शोधकाम केलं, स्पेसिफिकेशन म्हणजे शोधाची सविस्तर वर्णनं लिहिली, पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालांना उत्तरं तयार केली. त्यातच पेटंट एजंटची, म्हणजे पेटंट कार्यालयापुढे ग्राहकाचं काम चालवणाऱ्या नोंदणीकृत प्रतिनिधीची, परीक्षा पास झाली. या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, त्यामुळे नुसतं कायद्याचं शिक्षण घेतलेल्यांना ती वाट सहसा बंद असते. म्हणजे तिच्याकडे जे होतं ते दुर्मीळ होतं, यात शंका नाही.

पण फर्ममध्ये एका टप्प्यानंतर तिला जाणवायला लागलं, की वाद न्यायालयात गेला की फाइल आपल्या हातून जाते. वकील येतात, घेऊन जातात, आणि पुढे काय झालं ते वर्तमानपत्रातून कळतं. तिने नोकरी सोडली, घरी आली आणि कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला. शेवटच्या वर्षाला असताना ती गटात आली तेव्हा एकोणतिसावं सरत आलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मला लॉ क्लर्क व्हायचंय."

लॉ क्लर्क म्हणजे न्यायमूर्तींच्या हाताखालचा संशोधन सहायक. दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावरच्या, म्हणजे सुनावणीच्या यादीतल्या, मॅटरची पेपरबुकं (प्रकरणातल्या कागदांचे बांधलेले संच) वाचायची, टिपण काढायचं, निवाडे शोधायचे, मसुदा तपासायचा. आपल्याकडे 'क्लर्क' म्हटलं की कारकून डोळ्यांसमोर येतो. तिच्या नात्यातल्या एका काकांनी तर "इंजिनिअर होऊन कारकुनी करणार का?" असंच विचारलं होतं. एखाद्या वर्षात जितकं शिकायला मिळतं तितकं बाहेर पाच वर्षांत मिळत नाही, हे त्या काकांना पटवायचा प्रयत्न मी केला. पटलं की नाही, माहीत नाही.

त्याच सुमारास कोल्हापुरात हवा बदलली होती. चाळीस वर्षांहून जास्त चाललेल्या मागणीनंतर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून इथे सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत चालू लागलं. ज्या पिढीने मुंबईची रात्रीची गाडी पकडून तारखा केल्या, तिच्यातला मी एक. त्यामुळे उच्च न्यायालय ही वस्तू आमच्या मुलांना पहिल्यांदाच चालत जाण्याच्या अंतरावर आली, याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

अडचण

अडचण एक नव्हती, तीन होत्या, आणि तिन्ही एकमेकींत गुंतल्या होत्या.

पहिली वयाची. मुंबई उच्च न्यायालयाच्या लॉ क्लर्कसाठी वय 21 ते 30, एलएलबीची शेवटची परीक्षा पहिल्या प्रयत्नात किमान 55 टक्क्यांनी पास, अशा अटी असतात. सर्वोच्च न्यायालयात मर्यादा 20 ते 32. जो मुलगा बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम करतो तो तेविसाव्या वर्षी या रांगेत उभा राहतो आणि त्याला सहा-सात संधी मिळतात. आधी इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग तीन वर्षांचं एलएलबी अशा वाटेने येणाऱ्याकडे अनुभव भरपूर असतो, संधी मात्र एखाददुसरीच उरते. तिच्याकडे मुंबईसाठी एक होती. फार तर एक आणि थोडी.

दुसरी अडचण विषयाची. अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकायला 1982 पासून वॉशिंग्टनमध्ये एक वेगळं फेडरल सर्किट अपील न्यायालय आहे. पेटंटची पार्श्वभूमी असलेले उमेदवार साहजिकच तिथे अर्ज करतात आणि तिथल्या न्यायाधीशांना असे क्लर्क हवेही असतात. पुण्यातल्या तिच्या सिनियरने हेच डोक्यात भरवलं होतं. आपल्याकडे तसं एक ठिकाण नाही. बौद्धिक संपदा अपील मंडळ एप्रिल 2021 मध्ये बरखास्त झालं आणि ही अपिलं उच्च न्यायालयांकडे आली. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये स्वतंत्र बौद्धिक संपदा विभाग केला. बाकी बहुतेक ठिकाणी जे न्यायमूर्ती सकाळी जामीन अर्ज ऐकतात, त्यांच्याच बोर्डावर पुढे कधी पेटंट येऊ शकतं. शिवाय कुठल्या न्यायमूर्तींकडे कुठलं काम हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात आणि ते बदलत राहतं. 'पेटंटसाठी क्लर्क' अशी जागा नसतेच.

तिसरी अडचण माझ्या लक्षात उशिरा आली, म्हणून ती पुढे सांगतो.

समोर असलेले पर्याय

आम्ही एका रविवारी बाकीचे गेल्यावर बसून कागदावर मांडले.

सर्वोच्च न्यायालयाची परीक्षा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसता येते. पहिला भाग बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा लेखी, ज्यात लिखाण आणि विश्लेषण तपासतात, आणि तिसरी मुलाखत. मानधन तेव्हा, 2025 मध्ये, महिन्याला 80,000. ही परीक्षा तिने मार्च 2025 मध्ये, माझ्या गटात यायच्या थोडं आधी, दिलीही होती आणि पुढे सरकली नव्हती. राज्यघटना आणि फौजदारी कायद्यावर नकारात्मक गुणांनी घात केला, असं तिचं म्हणणं. लेखी भागाबद्दल तिने जे सांगितलं ते मात्र मी वहीत लिहून ठेवलं: "सर, मी त्यात आक्षेप आणि उत्तर, आक्षेप आणि उत्तर असंच लिहीत गेले."

दिल्ली. तिथे बौद्धिक संपदेचं काम सगळ्यात जास्त, म्हणजे तिच्या पार्श्वभूमीची कदर तिथे व्हावी असं वरवर वाटतं. पण त्याच कारणाने तिथे तिच्यासारखे अर्ज करणारेही जास्त. कोल्हापुरात जे दुर्मीळ ते दिल्लीत रांगेतलं एक, हा हिशेब आम्ही केला. तरी दोन न्यायमूर्तींच्या चेंबरला अर्ज पाठवायचे ठरले.

मुंबई उच्च न्यायालय. मानधन 65,000, मुदत एक वर्षाची. विषयाची खात्री नाही, पण भाषा आपली, कागद आपले. सातबारा काय असतो, फेरफार म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायला लागणार नव्हतं.

सर्किट बेंचला एखाद्या सिनियरकडे ज्युनिअर म्हणून लागणं. यात वयाची अट नाही, पण सुरुवातीला पैसे जवळजवळ नाहीत.

आणि पुण्याला परत जाणं. पेटंट एजंट अधिक एलएलबी, म्हणजे पगार आधीपेक्षा चांगलाच मिळाला असता. वडिलांचा कल तिकडे होता. ते एकदा माझ्या ऑफिसात आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगी हुशार हाय, पर तिशीला आली. ह्यात काय मिळंल का, ते सरळ सांगा." मी सरळ सांगितलं, की खात्री नाही.

एक गोष्ट मात्र वजनात टाकायला होती. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात पुन्हा आणली आणि त्याच निकालात लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम या तीन वर्षांत धरायचं असं म्हटलं. तिला पुढेमागे न्यायाधीश व्हायचं होतं का? तिला तेव्हा सांगता आलं नाही. पण ते वर्ष वाया जाणार नाही, एवढं नक्की झालं. शेवटी क्रम ठरला: मुंबई पहिलं, दिल्लीचे दोन अर्ज सोबत, काहीच झालं नाही तर सर्किट बेंच. पुणे शेवटी.

पहिला निर्णय, जो चुकला

इथे चूक माझी होती.

मी तिला सांगितलं, की जे दुर्मीळ आहे ते वर ठेव. तिने ठेवलं. बायोडेटाच्या पहिल्या पानावर पेटंट एजंट, किती स्पेसिफिकेशन लिहिली, कोणत्या क्षेत्रातली, किती अहवालांना उत्तरं दिली, असं सगळं. एलएलबी दुसऱ्या पानावर. दिल्लीच्या अर्जासोबत लिखाणाचा नमुना म्हणून तिने आपलं सर्वांत भारी काम काढलं. ओतकामातल्या एका सुधारणेचं स्पेसिफिकेशन, त्यातला निवडक भाग. ग्राहकाचं नाव तिने काळं केलं होतं.

अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री मी तो नमुना वाचत बसलो. तांत्रिक भाग मला अर्धाच कळत होता, पण एक प्रश्न सुचला आणि फोन केला. "हा अर्ज प्रसिद्ध झालाय का गं?" पलीकडे शांतता. पेटंटचा अर्ज साधारणपणे दाखल तारखेपासून 18 महिने प्रसिद्ध होत नाही. हा तिने नोकरी सोडायच्या शेवटच्या महिन्यांत सुरू केलेला मसुदा होता, पुढे दाखल कधी झाला हे तिला ठाऊक नव्हतं. नाव काळं केलं तरी युक्ती तीच, आकृती तीच. फर्मने आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती एका ईमेलने बाहेर गेली असती. ती रडवेली झाली. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं, तिला फक्त आपलं उत्तम काम दाखवायचं होतं. पण ज्या कामात पहिली अट गुप्तता पाळण्याची, तिथे हा नमुना गेला असता तर तो वाचणाऱ्या अनुभवी माणसाने पहिल्या पानावरच अर्ज बाजूला ठेवला असता आणि ते बरोबरच ठरलं असतं.

नमुना आम्ही काढून टाकला. त्या घाईत दिल्लीचे अर्ज नमुन्याशिवायच गेले. एकाकडून नकार आला, दुसऱ्याकडून काहीच आलं नाही.

मग तिची सराव मुलाखत ठेवली. आमच्या ओळखीतले एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश, ज्यांच्यापुढे मी अनेक वर्षं काम केलंय, ते आले. त्यांनी बायोडेटा दोन्ही पानं वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "हिच्या कागदावर यंत्रं दिसतात. न्यायालय कुठं दिसत नाही. हिला दिवाणी अपिलाचं एखादं पेपरबुक वाचायला दिलंय का तुम्ही?"

दिलं नव्हतं. ही ती तिसरी अडचण. तिला कायद्याचा एक कोपरा खोलवर माहीत होता. मुदतीचा कायदा, पुरावा, दुसऱ्या अपिलाची कक्षा, जामीन यांच्याशी तिची ओळख परीक्षेपुरती होती. ती निबंध लिहू शकत होती, पेपरबुकातून वाट काढू शकत नव्हती. आणि मी तिच्या पेटंटच्या कौतुकात ते पाहिलंच नाही.

मग काय केलं

तीन महिने हातात होते. त्या निवृत्त न्यायाधीश साहेबांनी सांगितलं, की रोज एक मॅटर, रोज एक टिपण. मी माझ्या जुन्या, निकाल लागून संपलेल्या फायली काढल्या, नावं खोडली आणि दिल्या.

पहिली फाइल करवीर तालुक्यातल्या एका बांधाची. दोन भावकीतला वाद, दोन न्यायालयांतून जाऊन दुसऱ्या अपिलापर्यंत पोचलेला. दुसऱ्या अपिलात पुराव्याचा पुन्हा खल होत नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला तरच ते चालतं. ते टिपण तिने अकरा पानांचं आणलं.

मी ते वाचताना पेन खाली ठेवलं. एकेक वाक्य पाच-सहा ओळींचं. नंतर तिनेच कारण सांगितलं: पेटंटमध्ये क्लेम, म्हणजे शोधावरच्या हक्काचं विधान, एकाच वाक्यात लिहायचा असतो, कितीही लांब झाला तरी पूर्णविराम शेवटी एकच. चार वर्षं तेच लिहून तिचा पूर्णविरामच हरवला होता. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अकरा पानं वाचून झाल्यावर ती कोणाच्या बाजूने आहे हे मला कळत होतं. अहवालाला उत्तर लिहिणारा नेहमी ग्राहकाच्या बाजूनेच लिहितो, ते त्याचं कामच. क्लर्कने मात्र हरणाऱ्या बाजूचा युक्तिवादही त्याच ताकदीने मांडायचा, आणि कौल न्यायमूर्तींवर सोडायचा.

टिपण तिने पुन्हा केलं. चार पानं. पुन्हा. दोन पानं आणि प्रत्येक विधानापुढे पेपरबुकाचा पान क्रमांक.

त्याच फायलीत एक गोष्ट घडली. टिपणाच्या शेवटी तिने एक ओळ लिहिली होती: वादपत्रासोबतच्या नकाशात पूर्वेकडची बाजू जेवढी दाखवली आहे तेवढी ती सरकारी मोजणीच्या नकाशात नाही, आणि दोन्ही नकाशे एकाच निशाणीचे (पुराव्याच्या एकाच क्रमांकाचे) पुरावे म्हणून वाचले गेले आहेत. मी फाइल उघडली. दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पट्टी लावली. ती बरोबर होती. ही फाइल मी स्वतः लढवलेली. दोन न्यायालयं झाली, समोरचे वकील चांगले जाणते, आणि कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी तिला विचारलं, हे पाहायचं तुला सुचलं कसं? ती म्हणाली, "सर, पेटंटमध्ये आकृतीतला प्रत्येक आकडा मजकुरात आहे का आणि मजकुरातला आकृतीत आहे का, हे आधी जुळवतात. सवय आहे."

त्या दिवशी मला तिच्या पार्श्वभूमीचा खरा उपयोग कळला. पेटंट कायद्याच्या कलमांपेक्षा, पाचशे पानांतली एक विसंगती शोधणारी ही नजर कुठल्याही न्यायमूर्तींना हवी असते, मग समोर औषधाचा रेणू असो वा भावकीचा बांध. नोव्हार्टिस या औषध कंपनीचा कर्करोगावरच्या औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयात 1 एप्रिल 2013 ला निकाली निघाला तो न्या. आफताब आलम आणि आपल्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्यापुढे. त्या औषधाचं, इमॅटिनिब मेसिलेटचं, बीटा स्फटिकरूप म्हणजे काय आणि पेटंट कायद्याच्या कलम 3(ड) च्या कसोटीवर ते उतरतं का, हे पेटंटचं खास न्यायालय नसलेल्या पीठाने ठरवलं. विज्ञान न्यायालयासमोर नीट मांडता येतं, जर मांडणारा नीट असेल.

बायोडेटा आम्ही उलटा केला. वर एलएलबी, मग रोजच्या टिपणांचा सराव, मग पेटंटच्या अनुभवाच्या चार ओळी, त्याही 'किती कागद वाचले, किती वेळात, कशाचा मेळ घातला' अशा भाषेत. स्पेसिफिकेशनची संख्या गेली.

नवा लिखाणाचा नमुना मात्र तिनेच शोधला. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि सगळीकडे गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरता येण्याची नोंद, आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा मिळून. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि जुलैमध्ये ती फेटाळली गेली. गावात लोक चिडले होते. तिने मात्र आदेशाकडे बघितलं. याचिका करणारे त्या निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक नव्हते. ती नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. म्हणजे विषय बौद्धिक संपदेचा असला, तरी याचिका अडली ती 'तुम्ही कोण दाद मागणारे?' या सगळ्यात जुन्या प्रश्नावर. तिने दोन पानी टिपण लिहिलं: याचिकाकर्त्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते सगळं, विरोधात जे म्हणता येईल ते सगळं, आणि मालकाने स्वतः दावा केला तर कोणते मुद्दे मोकळे राहतात ते. साहेबांनी ते वाचून फक्त एका जागी पेन्सिलने खूण केली. 'निःसंशय' हा शब्द काढायला सांगितला.

त्याच काळात आणखी एक काम तिने आपणहून केलं. पुण्यात ज्या ग्राहकांची कामं हाताळली होती त्यांची यादी, कामाचा तपशील न लिहिता, फक्त नावांची. उद्या चेंबरमध्ये त्यांपैकी कोणाचं मॅटर आलं तर पहिल्याच दिवशी सांगता यावं म्हणून. पेटंट एजंट म्हणून कोणतंही काम घ्यायचं नाही हेही ठरवून टाकलं.

मुलाखत

मुंबईचं बोलावणं आलं. ती सगळी मिळून दहा-बारा मिनिटं झाली असतील, असं ती म्हणाली. पहिला प्रश्न अपेक्षित होता: पेटंटमध्ये इतकं केलंत, इथे फौजदारी बोर्ड मिळालं तर काय कराल?

सरावात या प्रश्नावर ती आधी "मला सगळं शिकायला आवडेल" असं म्हणायची. साहेबांनी ते उत्तर तिला टाकायला लावलं होतं, कारण त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. मुलाखतीत तिने बांधाच्या फायलीतल्या दोन नकाशांबद्दल सांगितलं, नावं न घेता, तीन-चार वाक्यांत. मग म्हणाली, की पंचनामा आणि त्यासोबतचं घटनास्थळाचं रेखाटन यांचाही असाच मेळ घालावा लागतो.

पुढचे प्रश्न दुसऱ्या अपिलावर, विलंब माफीवर आणि नव्या फौजदारी कायद्यांवर. एका प्रश्नाला तिने "माहीत नाही" म्हटलं. पेटंटवर एकच प्रश्न आला: जिल्हा न्यायालयात पेटंटच्या उल्लंघनाचा दावा चालू असताना प्रतिवादीने पेटंटच रद्द करायचा प्रतिदावा केला तर? पेटंट कायद्याच्या कलम 104 प्रमाणे दावा उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो, हे तिने सांगितलं.

निकाल

यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं.

ते सहा आठवडे वाईट गेले. वयाची मर्यादा ओलांडायला काही महिनेच उरले होते. तिने वकिलीची सनद घेतली होती, ती सर्किट बेंचमध्ये एका सिनियरकडे जाऊ लागली, सकाळी साडेनऊला बोर्ड बघायची, संध्याकाळी माझ्याकडे टिपण आणायची. वडिलांनी पुण्याचा विषय काढणं बंद केलं होतं, ते मला जास्त जड गेलं. मग एका संध्याकाळी फोन आला, एकाने जागा घेतली नव्हती. तिला मुंबईत रुजू व्हायचं होतं.

मिळालेलं बोर्ड फौजदारी. जामीन, शिक्षेविरुद्धची अपिलं, तुरुंगातून आलेले अर्ज. सध्या सातवा महिना चालू आहे आणि एकही पेटंट तिने पाहिलेलं नाही. चेंबरमधलं ती काही सांगत नाही, मी विचारतही नाही. टिपण दोन पानांवर जात नाही, एवढं एकदा म्हणाली.

वेगळं काय करता आलं असतं

वयाचा हिशेब एलएलबीच्या पहिल्या वर्षी करायला हवा होता. तो केला असता तर सर्वोच्च न्यायालयाच्या परीक्षेची तयारी शेवटच्या वर्षाच्या धावपळीत झाली नसती आणि तिथे 32 पर्यंतची सवड नीट वापरता आली असती. इंजिनिअर, फार्मसी, बीएस्सी करून कायद्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. आमच्याकडे अशी मुलं आता वाढली आहेत.

दिल्लीचे दोन अर्ज आम्ही घाईत आणि नमुन्याशिवाय पाठवले. ते तेव्हा पाठवायलाच नको होते. चपलेचं टिपण तयार झाल्यावर पाठवले असते तर कदाचित वेगळं उत्तर आलं असतं. कदाचित नाहीही. पण अपुरा अर्ज पाठवून एक दार स्वतःच लावून घेणं, ही चूक मी तिला करू दिली.

नोकरी सोडताना फर्मकडून लेखी विचारून घ्यायला हवं होतं, की आपल्या कामातलं काय दाखवता येईल. प्रसिद्ध झालेले अर्ज आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसणारी उत्तरं असतात. ती परवानगीने दाखवता आली असती. तरीही क्लर्कच्या जागेसाठी तो नमुना मी आता सुचवणार नाही. तो शेवटी एका बाजूचाच कागद.

आणि एक मुद्दा, ज्यावर साहेबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पेटंटच्या चार ओळीही काढायला हव्या होत्या, त्याने प्रश्नकर्त्याचं लक्ष भलतीकडे जातं. मला वाटतं, त्या नसत्या तर तिशीला आलेली ही मुलगी इतकी वर्षं काय करत होती याचं उत्तरच कागदावर नसतं. निवड का झाली हे कुणी सांगत नाही, त्यामुळे आमच्यातलं कोण बरोबर हे ठरायचं नाही. पुढच्या वेळी मी त्या ठेवीन, पण दोनच.

गेल्या रविवारी गटात दोघी नवीन आल्या. एकीचं बी. फार्म. झालंय, औषध कंपनीत पेटंट शोधाचं काम केलंय, आता एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. बायोडेटा पुढे करत होती. मी तो बाजूला ठेवला आणि आधी जन्मतारीख विचारली. मग बांधाची फाइल दिली, दोन्ही नकाशांसकट.